पोरांच्या क्रिकेट स्पर्धेचा नियमांचा कागद
(कम्युनिटी रेडिओवर झालेलं भाषण)



दिवाळी झाली, खरिपाचं आवरलं, की आपल्या पट्ट्यात क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, आंबेठाण, वासुली, इकडे मोशी, चिखली, भोसरीपर्यंत गावोगाव बॅनर लागतात. मग पोरं पावतीपुस्तक घेऊन बचत गटाकडे येतात. "ताई, गटाचं नाव बॅनरवर टाकतो, एक ट्रॉफी द्या." गट ट्रॉफी देतो. कधी वडापाव-चहाची ऑर्डरही घेतो. पण या स्पर्धेचे नियम काय आहेत, हे आपण विचारत नाही. क्रिकेट आपल्याला कळत नाही, असं आपणच धरून चाललेलो असतो.

आज ते नियम समजून घेऊ. कोणाचं पोर खेळेल आणि कोणाचं बाहेर बसेल, भांडण झालं तर कसं मिटेल, कोणाला इजा झाली तर काय करायचं, हे सगळं नियमांनी ठरतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: वर्गणी देण्याआधी नियमांचा लेखी कागद मागा. तो कागद वाचता यावा, त्यात काय हवं आणि काय नको हे कळावं, यासाठी आजचं बोलणं.

आधी खेळाचं माप बघू. एका षटकात, म्हणजे ओव्हरमध्ये, सहा बॉल असतात. वीस षटकांचं क्रिकेट, ज्याला ट्वेंटी-ट्वेंटी म्हणतात, ते २००३ साली इंग्लंडमध्ये सुरू झालं. एक गंमत सांगते. या प्रकारातला देशादेशांमधला पहिला सामना बायकांनी खेळला. ऑगस्ट २००४ मध्ये इंग्लंड आणि न्यूझीलंडच्या महिला संघांचा. पुरुषांचा पहिला सामना त्यानंतर, फेब्रुवारी २००५ मध्ये झाला.

आपल्याकडे गावच्या मैदानावर वीस षटकंही खेळत नाहीत. सहा, आठ किंवा दहा षटकांचा सामना असतो, टेनिस बॉलवर. सहा षटकं म्हणजे छत्तीस बॉल. दोन्ही संघांचं मिळून तासाभरात आटपतं. सामना एवढा लहान असल्यामुळे एका चुकीच्या निर्णयाने सगळं फिरतं. म्हणून लहान सामन्याला नियम जास्त स्पष्ट लागतात.

याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. ऋतुराज गायकवाड पिंपरी-चिंचवडचा. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत तो शिकला. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबादला विजय हजारे करंडकाच्या सामन्यात, महाराष्ट्राकडून उत्तर प्रदेशाविरुद्ध खेळताना, त्याने एका षटकात सात षटकार मारले. आता षटकात बॉल सहा, मग षटकार सात कसे? त्यातला पाचवा बॉल पंचांनी नो-बॉल ठरवला. नो-बॉल म्हणजे चुकीचा टाकलेला बॉल. तो सहांत मोजत नाहीत, परत टाकावा लागतो, आणि फलंदाजी करणाऱ्या संघाला वर एक धाव मिळते. सात षटकारांच्या बेचाळीस आणि नो-बॉलची एक, अशा त्या षटकात ४३ धावा झाल्या.

बॉल टाकताना गोलंदाजाचा पुढचा पाय रेघेच्या पूर्ण पुढे पडला, किंवा टप्पा न पडता बॉल फलंदाजाच्या कमरेच्या वर आला, तर नो-बॉल. बॉल फलंदाजाच्या आवाक्याबाहेरून गेला तर वाईड. वाईडलाही एक धाव आणि बॉल परत. नो-बॉलच्या पुढच्या बॉलला ‘फ्री हिट’ म्हणतात. त्या बॉलवर धावबादसारखे एक-दोन प्रकार सोडले तर फलंदाज आउट होत नाही. आपल्या स्पर्धेत फ्री हिट आहे की नाही, वाईडची रेघ कुठे आखायची, हे कागदावर आधी लिहिलेलं हवं. शेवटच्या षटकात हे ठरवायला बसलं की मैदानात माणसं घुसतात.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. खेळायचं कोणी?

पहिली गोष्ट वयाची. बॅनरवर ‘सोळा वर्षांखालील’ लिहितात आणि मैदानात दाढी आलेले गडी उतरतात. दहावीतल्या पोराला त्यांचा बॉल झेपत नाही. यावर उपाय म्हणजे एक तारीख ठरवणं. भारतीय क्रिकेट मंडळाच्या वयोगटांसाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात. आपणही तीच धरावी. त्या तारखेला ज्याला सोळा पूर्ण झालेली नाहीत तो खेळेल. पुरावा म्हणून जन्मदाखला किंवा शाळेचं बोनाफाईड. नाव नोंदवतानाच बघायचं, अंतिम सामन्याच्या दिवशी नाही.

दुसरी गोष्ट आपल्या पट्ट्यात फार महत्त्वाची. बऱ्याच स्पर्धांत ‘फक्त गावचे खेळाडू’ असा नियम असतो. भाड्याने गडी आणून स्पर्धा जिंकू नये, हा त्यामागचा हेतू बरोबर आहे. पण गावचा म्हणजे कोण? खराबवाडीत, मेदनकरवाडीत, नाणेकरवाडीत भाड्याच्या खोल्यांमधून विदर्भ-मराठवाड्याची, उत्तर प्रदेश-बिहारची कुटुंबं राहतात. आईबाप कंपनीत, पोरगं आपल्या पोरांबरोबर त्याच झेडपीच्या शाळेत. त्याच्या आधारकार्डावर पत्ता लातूरचा किंवा गोरखपूरचा असतो. आधारच्या पत्त्यावर संघ केले, तर वर्गातली निम्मी पोरं दोरीच्या बाहेर उभी राहतात. म्हणून नियम असा लिहावा: जो मुलगा गावच्या शाळेत शिकतो, किंवा सहा महिन्यांपासून गावात राहतो, तो गावचा खेळाडू. शाळेचं बोनाफाईड हाच पुरावा. बाहेरून आणलेला गडी यातही अडकतो, आणि इथे राहणारं लेकरू सुटतं.

तिसरी गोष्ट मुलींची. चौदा वर्षांखालच्या संघात मुलगी खेळू शकते, असं स्पष्ट लिहून घ्या. लिहिलं नाही तर कोणी नाव देत नाही. आपल्या पुण्याचा यात मोठा मान आहे. महिलांची पहिली आंतरराज्य राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा १९७३ साली पुण्यात झाली. संघ होते तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीन संघांपासून सुरू झालेला हा प्रवास २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकापर्यंत पोचला. त्या संघातली स्मृती मानधना सांगलीची. आपल्या शेजारच्या गहुंजे स्टेडियमवर २०२५ मध्ये महिलांची महाराष्ट्र प्रीमियर लीगही झाली. तेव्हा गावच्या मैदानावर मुलीला आधी जागा द्या. मुली जास्त असतील तर त्यांचा वेगळा गट करा. चेंडूही वेगळा लागतो, हे ध्यानात ठेवा: लेदर बॉलवर खेळ असेल तर पुरुषांचा बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा आणि तेरा वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो.

चौथी गोष्ट लिलावाची. आयपीएल बघून गावोगाव खेळाडूंचा लिलाव करायची पद्धत आली आहे. मोठ्यांनी हौस करावी. पण सातवी-आठवीतल्या पोरावर माईकवरून बोली लावायची, आणि ज्याला कोणी घेतलं नाही त्याचंही नाव पुकारायचं, हे बरं नाही. ते पोर दुसऱ्या दिवशी शाळेत जातं. लहान गटात लिलाव नको. चिठ्ठ्या काढून संघ करा.

संघात नाव लागलं म्हणजे खेळायला मिळालं, असं नसतं. पुष्कळ संघांत दोन-तीन पोरंच सगळी बॅटिंग-बॉलिंग करतात आणि बाकीची उन्हात बॉल अडवत उभी राहतात. मोठ्या क्रिकेटमध्ये याला आळा आहे. वीस षटकांत एका गोलंदाजाला जास्तीत जास्त चार षटकं, म्हणजे पाचवा हिस्सा. किमान पाच जणांना बॉल टाकावाच लागतो. आपल्या दहा षटकांत एकाला दोन षटकं येतील. सहा षटकांच्या सामन्यात एकालाच दोन द्यायची, बाकीच्यांना एकेक. वाढत्या वयात पाठ आणि खांदा जपायचा असतो, त्यासाठीही हा नियम चांगला. एका दिवसात दोन-तीन सामने असतील तर दिवसभराची मर्यादाही घाला.

बॅटिंगसाठी असा नियम करता येतो: पंचवीस धावा झाल्या की फलंदाजाने बाहेर यायचं. बाकीचे आउट झाले तर तो परत येऊ शकतो. आणि नाव दिलेल्या प्रत्येक पोराला निदान एक सामना मिळालाच पाहिजे.

सामन्यांची आखणीही यातच येते. समजा सोळा संघ आले. हरला तो घरी, अशी बाद पद्धत ठेवली तर एकूण पंधरा सामने होतात. पण आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर, म्हणजे तासाभरात, घरी जातात. एंट्री फी मात्र सगळ्यांनी सारखीच भरलेली असते. त्याऐवजी चार-चार संघांचे चार गट केले तर प्रत्येक संघाला तीन सामने मिळतात. गटातले चोवीस सामने, मग दोन उपांत्य आणि एक अंतिम, असे सत्तावीस. रोज नऊ धरले तर तीन दिवस. इथे एक सोय आपल्याला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गटातले सामने रविवारी आणि अंतिम सामना गुरुवारी शाळा सुटल्यावर ठेवला, तर पोराचा खेळ बघायला बापही येईल. एकोणीस वर्षांखालच्या गटात आयटीआयची, ट्रेनी म्हणून लागलेली पोरं असतात. ज्याची आदल्या रात्री नाईट शिफ्ट झाली आहे त्याला सकाळी आठचा सामना देऊ नका.

आता भांडणाचं मूळ: बरोबरी झाली तर काय?

जगातली मोठी माणसंसुद्धा यात अडकली आहेत. १४ जुलै २०१९ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना लॉर्ड्सला झाला, इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड. दोघांच्या धावा २४१. मग सुपर ओव्हर झाली, म्हणजे दोघांना एकेक षटक जास्तीचं. त्यातही दोघांच्या पंधरा-पंधरा. शेवटी ज्याचे चौकार-षटकार जास्त, तो विजेता या नियमाने इंग्लंडला चषक मिळाला. २६ विरुद्ध १७. न्यूझीलंड धावांत हरलं नव्हतं. जगभर लोक हळहळले. पण नियम स्पर्धेआधी लिहिलेला होता, म्हणून न्यूझीलंडच्या खेळाडूंनी तो मान्य केला. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तो बदलला. आता अंतिम सामन्यात निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळतात. नियम आवडला नाही तर पुढच्या स्पर्धेसाठी बदलायचा, चालू सामन्यात नाही, ही गोष्ट आपल्या पोरांनाही यातून सांगता येते.

आपल्या कागदावर लिहा: बरोबरी झाली तर सुपर ओव्हर. उजेड गेला असेल तर रिकाम्या स्टंपवर पाच-पाच बॉल टाकायचे, ज्याचे जास्त लागतील तो जिंकला. २००७ च्या पहिल्या ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकात दरबानला भारत-पाकिस्तान सामना बरोबरीत सुटला होता. दोघांच्या १४१. तेव्हा असंच स्टंपवर बॉल टाकून भारताने ३-० ने बाजी मारली होती.

गटात दोन संघांचे गुण सारखे झाले तर ‘नेट रनरेट’ बघतात. नाव अवघड, हिशोब सोपा. आपण एका षटकामागे किती धावा केल्या, त्यातून समोरच्याला किती दिल्या ते वजा करायचं. सहा षटकांत ५४ केल्या म्हणजे षटकामागे ९. सहा षटकांत ४८ दिल्या म्हणजे ८. बाकी राहिला एक. एक बारकावा मात्र आहे. संघ चार षटकांतच ३० धावांवर सगळा बाद झाला, तरी भागायचं सहाने. म्हणजे पाच येतात, साडेसात नाही. गटाचं व्याज काढणाऱ्या बाईला हा हिशोब कागदावर दोन मिनिटांत जमेल. स्कोअर लिहायला आपल्यातल्याच दोघी बसल्या तर फार चांगलं. हिशोबात घोळ राहत नाही आणि मैदानात शिवीगाळही कमी होते.

पंच, म्हणजे अंपायर, खेळणाऱ्या संघांपैकी नको. त्याचा निर्णय अंतिम. त्याच्याशी बोलायचं ते फक्त कप्तानाने. पंचाच्या अंगावर जो संघ जाईल तो सामना हरला, एवढं कडक लिहा. मोबाईलवरचा व्हिडिओ पुरावा धरायचा की नाही, तेही आधी ठरवा. माझ्या मते धरू नये. प्रत्येक बॉलला वीस मोबाईल पुढे येतात.

आता जिवाच्या गोष्टी. यात तडजोड नको.

आपली मैदानं रस्त्याला लागून. तळेगाव-चाकण रस्ता, पुणे-नाशिक रस्ता, एमआयडीसीतले आतले रस्ते, सगळीकडे कंटेनर आणि ट्रेलर. बॉल रस्त्यावर गेला की पोर मागेपुढे न बघता धावतं. कागदावर लिहा: बॉल रस्त्यावर गेला तर खेळाडूने आणायचा नाही. ठरवून दिलेला मोठा माणूसच आणेल, तोवर दुसरा बॉल वापरायचा. शक्य असेल तर त्या बाजूला जाळी बांधा.

डोक्याला बॉल लागला तर पोराला लगेच बाहेर घ्या. "काही झालं नाही" असं ते म्हणेल, तरी त्या दिवशी परत खेळवू नका. ऑस्ट्रेलियाचा फिलिप ह्यूज नोव्हेंबर २०१४ मध्ये मानेजवळ बॉल लागून गेला. आता आंतरराष्ट्रीय सामन्यात डोक्याला मार लागलेल्या खेळाडूऐवजी दुसरा घेता येतो. आपणही राखीव खेळाडू घेऊ द्यावा. म्हणजे संघ अडचणीत येतो म्हणून दुखलेलं पोर उभं राहणार नाही. लेदर बॉल असेल तर फलंदाज आणि यष्टिरक्षक दोघांना हेल्मेट हवंच. १०८ ला फोन कोण करणार, त्याचं नाव कागदावर असू द्या.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांचा धोका असतो. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद. झाडाखाली किंवा पत्र्याच्या मंडपात थांबायचं नाही, शाळेच्या पक्क्या इमारतीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच मैदानात यायचं. पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेने, आयआयटीएमने, ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे. आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सांगतं. आयोजकांपैकी एकाच्या मोबाईलवर ते असावं.

रात्रीच्या स्पर्धांत दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा तर कायदाच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, त्या दिवसांत स्पर्धाच नको. मैदानात गुटखा, तंबाखू, दारू नको. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सामन्यावर पैसे लावणं हा गुन्हा आहे, आणि पैसे लावून खेळायच्या मोबाईल गेमची जाहिरातही २०२५ च्या कायद्याने बंद झाली आहे. तसा बॅनर दिसला तर आपल्या गटाचं नाव त्याच्याशेजारी लावू देऊ नका.

शेवटी पैसे. गटाने वर्गणी द्यायची तर बैठकीत ठराव करून द्यावी, पावती घ्यावी, आणि स्पर्धेनंतर आठ दिवसांत जमाखर्च फलकावर लावायची अट घालावी. लहान गटाला रोख बक्षीस नको. बॅट, बॉलचा डबा, स्टंप असं काही द्या, म्हणजे वर्षभर सगळी खेळतील.

आता कागदावर काय हवं ते एकदा सांगते. वहीत उतरवून घ्या.

१. वयाची तारीख आणि पुरावा.
२. गावचा खेळाडू म्हणजे कोण.
३. मुलींना प्रवेश.
४. किती षटकं, कोणता बॉल.
५. एका गोलंदाजाला किती षटकं, फलंदाजाने किती धावांवर बाहेर यायचं.
६. वाईड, नो-बॉल, फ्री हिट.
७. प्रत्येक संघाला किमान किती सामने.
८. बरोबरी झाली, पाऊस आला, उजेड गेला तर काय.
९. पंच कोण, तक्रार कोणाकडे करायची.
१०. रस्ता, वीज, डोक्याचा मार, १०८.
११. आवाज, व्यसन, जुगार यांना बंदी.
१२. एंट्री फी, बक्षीस, जमाखर्च.

हे बारा मुद्दे एका पानावर बसतात. नाव नोंदणी सुरू व्हायच्या आधी ते पान शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं पाहिजे. आयोजक पोरं आपलीच असतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो. त्यांना धरून बसवा, चहा द्या आणि हे पान त्यांच्याकडूनच लिहून घ्या. पुढच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्या, आणि या हंगामात पोरं पावतीपुस्तक घेऊन आली की आधी तो कागद मागा.